फोल्डिंग कयाक उलटल्यावर परत आत चढायला शिकताना

फोल्डिंग कयाक म्हणजे सुटी करून घडी घालता येणारी, वल्ह्याने चालवायची निमुळती नाव. ती जोडताना सांगाडा उभा राहिला, आवरण ताणलं गेलं की नाव तयार झाल्यासारखी दिसते. दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या सारायचं काम मात्र बाकी असतं. सेल्फ रेस्क्यूचा सराव सुरू केल्यापासून मी त्यालाच सगळ्यात जास्त वेळ देते. उलटलेल्या नावेत परत चढणं जमणार की नाही, हे बरंचसं काठावरच ठरतं, असं माझं मत झालंय.

प्लॅस्टिकच्या किंवा फायबरच्या सी कयाकमध्ये पुढे-मागे आडव्या भिंती घालून बंद कप्पे केलेले असतात. पाणी शिरलं तरी ते मधल्या भागातच राहतं. फोल्डिंग कयाकमध्ये लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर नुसतं आवरण चढवलेलं, त्यामुळे आतून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि नाव उलटली की आत शेकडो लिटर सहज शिरतं. शिवाय ते एका जागी थांबत नाही. तुम्ही जरा कललात की सगळं त्याच बाजूला धावतं आणि नाव पुन्हा उलटवायला बघतं. कडेच्या दोन लांब हवेच्या नळ्या, म्हणजे स्पॉन्सन, नाव तरंगती ठेवतात आणि डोलणं कमी करतात. पण आतली जागा अडवायला पिशव्याच लागतात.

पहिला सराव फक्त बाहेर पडण्याचा. छातीभर पाणी, काठाकडे वाहणारा वारा, शेजारी दुसऱ्या कयाकमध्ये मैत्रीण. उलटल्यावर पुढे वाकायचं, स्प्रे स्कर्टचा (कमरेभोवती घालून बसायची जागा झाकणाऱ्या कापडाचा) पट्टा पुढे ओढून सोडवायचा, दोन्ही हात कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या जागेच्या, कडेवर टेकून कंबर बाहेर ढकलायची. पट्टा बाहेर राहिलाय का, हे मी निघण्यापूर्वी हात लावून बघते आणि मैत्रीणही विचारतेच, "पट्टा बाहेर आहे ना गं?" बंदांचे बूट मी घालत नाही, आतल्या दांड्यांत बंद अडकू शकतात.

बाहेर आल्यावर एक हात नावेवर आणि एक पॅडलवर, हे अंगात मुरेपर्यंत केलं. रिकामी नाव वाऱ्याने इतक्या वेगाने सरकते की लाइफ जॅकेट घालून तिच्यामागे पोहणं व्यर्थ आहे. थंड पाण्यात तर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यातच जातं आणि पुढची जेमतेम 10 मिनिटं हात नीट चालतात. तेवढ्यात क्रम आठवत बसायला सवड नसते.

खरी मेहनत पॅडल फ्लोटवर, म्हणजे पॅडलच्या पात्यावर चढवून आधार घ्यायच्या फुगवत्या पिशवीवर, झाली. नाव उलटीच असताना एक पाय कॉकपिटमध्ये अडकवला की दोन्ही हात मोकळे होतात. मग फ्लोट पॅडलच्या पात्यावर चढवायचा, क्लिप लावायची, तोंडाने हवा भरायची. त्यानंतर पाय सोडवून नाव एका झटक्यात सरळ करायची, कारण हळू केली तर ती वाटेत आणखी पाणी भरून घेते. पॅडल कॉकपिटच्या मागे काटकोनात आडवं ठेवायचं आणि दांडा व कड एकाच मुठीत धरायची. पाय पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणून जोरात मारायचे आणि पोटावर मागच्या डेकवर, म्हणजे नावेच्या वरच्या पृष्ठभागावर, सरकायचं. हाताने स्वतःला वर खेचू गेलं तर पाय नावेखाली जातात. वर जाणं हे पायांचं काम आहे.

इथे फोल्डिंग कयाकचं वेगळेपण पुन्हा आडवं येतं. मागचं डेक कापडी असल्यामुळे वजन पडलं की खचतं आणि जॅकेटचा फुगलेला खिसा डेकवरच्या कड्यांत अडकतो. म्हणून पुढचे खिसे मी रिकामे ठेवते. कॉकपिटची कडही पक्की नसते, नुसती अडकवलेली असते. पॅडलचा दांडा जिथे खाली सांगाड्याची आडवी बरगडी आहे, नेमका त्यावर आणला तेव्हा सगळा भार पेलला गेला. पुढे एक पाय दांड्यावर, दुसरा कॉकपिटमध्ये, मग पहिलाही आत, आणि पालथं असतानाच फ्लोटच्या दिशेने वळून बसायचं. वजन शेवटपर्यंत फ्लोटकडे. दुसऱ्या बाजूला नुसतं डोकं कललं तरी सगळं परत पहिल्यापासून.

आत बसलं म्हणजे सुटका झाली असं नाही. मांडीपर्यंत पाणी असतं आणि लाट आली की नाव डुलते. हातपंपाने उपसताना पॅडल पोटाशी आडवं, फ्लोट तसाच पाण्यात. पिशव्या न भरता आणि भरून, असं दोन्ही करून बघितलं. न भरता उपसणं दमवून टाकतं. सर्वांत मोठा फरक सी सॉकने पडला. हा कॉकपिटच्या कडेला बसणारा जलरोधक पिशवा असतो आणि आपण त्याच्या आत पाय घालून बसतो. पाणी फक्त त्यात साठतं, बाकी नाव कोरडी. पण बाहेर पडताना तो पायांबरोबर उलटा होऊन येऊ शकतो, म्हणून सॉकसह बाहेर पडण्याचा वेगळा सराव हवाच.

पाण्याने भरलेली नाव एका टोकाने उचलून रिकामी करायचा मोह मात्र टाळावा. मधे आधाराच्या भिंती नाहीत, त्यामुळे पाण्याचं वजन सांगाड्यावर येतं आणि दांडे वाकतात.

दमल्यावर काय? यासाठी पट्ट्याची रिकीब जवळ ठेवते. ती पॅडलच्या दांड्यावरून खाली सोडून त्यात पाय रोवला की पायाच्या ताकदीवर वर येता येतं. आणि तेही जमलं नाही तर नाव सोडायची नाही. 1956 मध्ये हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरने क्लेपर कंपनीच्या फोल्डिंग कयाकमधून 72 दिवसांत अटलांटिक ओलांडला. वाटेत रात्री नाव उलटली तेव्हा तो उजाडेपर्यंत तिच्या पाठीला धरून राहिला आणि मग ती सरळ केली.

आता लाटा उठवणाऱ्या वाऱ्यात सराव चालू आहे. तिथे फ्लोट फुगवायलाच जास्त वेळ लागतो, म्हणून तो मी डेकच्या दोरीखाली, बसल्या जागी हात पोहोचेल असा ठेवते. पंपाला दोरी बांधलेली असते. काठाकडून पाण्याकडे वारा असेल त्या दिवशी मी सरावालाही उतरत नाही.