वासर आलं

शनिवार, म्हणजे आता रविवारची पहाटच

सोलापूर स्टेशनावर अकरा माणसं आली होती. रात्री पावणेअकराला, स्वेटर-मफलर घालून. मुंबईपासून वंदे भारतमध्ये गाढ झोपलेली माझी लेक चिऊ कुर्डुवाडी गेल्यावर जागी झाली होती. फलाटावर पाय ठेवला नाही तोच मामा, मावशी, काकू सगळ्यांचा एकच प्रश्न, "ओळख बघू, मी कोण?" ती माझ्या ओढणीत शिरली ती घर येईपर्यंत बाहेर आलीच नाही.

जर्मनीतून रविवारचा व्हिडिओ कॉल आम्ही सहसा चुकवत नाही. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन, हे गणित बाबांना माझ्याहून पक्कं आहे. त्यामुळे मी समजून चालले होते की ओळख झालेलीच आहे, आता फक्त भेटायचंय. घरात आल्यावर आई हात पसरून पुढे झाली, तर चिऊने माझ्या पर्समधून मोबाईल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आजी दे." तिची आजी वीतभर असते आणि तिच्या डोक्यावर कायम पंखा फिरत असतो. ही समोरची बाई कोण?

आई हसली. मग आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला बसली. रात्री साडेअकराला, कुणालाच भूक नसताना.

रविवार, रात्री २

इथे दीड वाजतो तेव्हा तिकडे आमच्या श्टुटगार्टला नऊ, चिऊची झोपायची वेळ. तोवर तिला झोप शिवतसुद्धा नाही.

आजचा दिवस वाईट गेला. येणाऱ्याजाणाऱ्याने गाल ओढले, पाचशेची नोट हातात कोंबली, "किती बारीक गं" म्हणून झालं. चिऊ प्रत्येकाला एकच उत्तर देत होती, "नाइन!" जर्मनमध्ये नाइन म्हणजे नाही. दादाला वाटलं आकडे चाललेत, तो कौतुकाने म्हणाला, "टेन!" मग हा खेळच झाला. ती चिडून नाइन, हा हसून टेन, शेवटी रडारड. मावशी पापीसाठी मागे लागली तेव्हा मी म्हटलं, तिला नको असेल तर राहू दे. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "तिकडची पद्धत असेल बाई." बोलणं लागलं. मी चूक नव्हते, पण सांगायची रीत चुकली हे मान्य. किटामधल्या (तिकडच्या पाळणाघरातल्या) बाईंच्या सुरात मावशीशी बोलायची गरज नव्हती. निघायच्या आधी मी सगळ्यांच्या फोटोंचा अल्बम करून तिच्याकडून महिनाभर नावं पाठ करून घेतली होती. तो अल्बम बॅगेतून काढलेलासुद्धा नाही.

पण आत्ता एक गंमत झाली. सोप्यात माई (माझी आजी, चिऊची पणजी, वय ८६) जागीच होती. चादर पांघरून अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेली. तिने चिऊकडे पाहिलंही नाही. कट् कट् आवाजाने चिऊच हळूहळू तिच्याकडे सरकली. जवळ जाऊन उभी राहिली, मग बोट लावून म्हणाली, "कान."

मला कळायला क्षणभर लागला. माईला कमी ऐकू येतं, म्हणून कॉलवर फोन दिला की ती तो सरळ कानाला लावते. दोन वर्षं आम्हाला पडद्यावर माईचा फक्त कान दिसलाय. सुरकुतलेला, कुडीच्या वजनाने भोक ओघळलेला. बाकी सगळ्यांचे चेहरे रोजच्या मापात आल्यावर परके झाले होते. कान तेवढा ओळखीचा निघाला.

माई म्हणाली, "व्हय, कान." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागली.

मंगळवार, भोगी

बाजरीची तीळ लावलेली भाकरी चिऊने थुंकून टाकली. ज्वारीची कडक भाकरी मात्र हातात धरून दिवसभर कुरतडत फिरते. तिकडे नाश्त्याला ती क्नेकेब्रोट खाते, तो कुरकुरीत कोरडा पाव, म्हणजे दाताला सवय आहेच. म्हशीचं दूध नको, साय दिसली तर मुळीच नको. आईने कडक भाकरी आणि बिनतिखट दाण्याचं कूट एवढ्यावर समझोता केलाय, आणि स्वयंपाकघरात तिला आता "आजी" अशी हाक ऐकू येते. ओट्यापुरती का होईना.

सिद्धेश्वर यात्रेच्या अक्षता सोहळ्याला सम्मती कट्ट्यावर न्यायचं दादाच्या मनात होतं. मीच नको म्हटलं. अकरा माणसांना घाबरलेलं पोर त्या गर्दीत कुठे नेऊ? गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बाराबंदीतली माणसं दाखवली. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ऐकून तिने "हर्र" तेवढं उचललं. आता मांजरालाही हर्र.

बुधवार, संक्रांत, पहाटे ४

पाणी आलं. दोन वाजून दहा मिनिटांनी. आज चौथा दिवस होता, वेळेचा नेम नाही, म्हणून सगळे कान देऊन झोपलेले. बाबा मोटर लावायला धावले, वहिनी पिंपाकडे, दादा जिन्यावरून नळी ओढत वर. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून आलेलं पाणी आमच्या अंगणातल्या हौदात धबाधबा पडायला लागलं आणि घरात एकटी चिऊ ताजीतवानी होती. नळ सोडला की पाणी येतं एवढंच तिला माहीत. इथे तर पाण्यासाठी आख्खं घर उठतं, दिवे लागतात, आरडाओरडा होतो! नाचत ओरडायला लागली, "वासर! वासर!"

माई काठी टेकत दारात आली. "वासरू? कुणाचं सुटलं गं?"

मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, त्यांच्या भाषेत पाण्याला वासर म्हणतात. माईने विचार केला. "म्हंजे बरोबर हाय की. सुटल्यावर हुंदडतंयच ते."

तांब्यातांब्याने दोघींनी एक घागर भरली. अर्धं पाणी चिऊच्या अंगावर. कुणीही तिला मी कोण हे विचारलं नाही, कुणाला वेळच नव्हता. दादाने "नळी धर" म्हटलं, तिने धरली. वहिनीने कडेवर घेऊन टाकी दाखवली, ती गेली. तेव्हापासून मामाच्या मागे मागे आहे.

माई नंतर मला म्हणाली, "तुझ्या आजोबाला लक्ष्मी-विष्णू मिलात रातपाळी असली की मी अशीच जागी असायची. भोंगा झाला की चहाचं आधण. ही पोर आपल्या पाळीची हाय."

गुरुवार

भैय्या चौकात कामासाठी गेले होते. तिथल्या डॉ. कोटणीस स्मारकापाशी चिऊला घेऊन पाच मिनिटं उभी राहिले. शाळेच्या सहलीत आलो होतो तेव्हा सोलापूरचे हे डॉक्टर १९३८ साली चीनला गेले, तिथल्या सैनिकांवर उपचार केले एवढंच वहीत लिहिलं होतं. त्यांना मुलगा होता हे तेव्हा डोक्यात शिरलंच नाही. त्याचं नाव यिनह्वा, यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. डॉक्टर ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा तो चार महिन्यांचाही नव्हता. त्याला सोलापूर दाखवायचं बापाच्या मनात आलंच असेल. आम्ही विमान उशिरा सुटलं म्हणून कुरकुरत होतो.

रविवार

बोरन्हाण. काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने, तीस-पस्तीस माणसं. पाटावर बसवलं की चिऊ उठून पळायची. माईच्या मांडीवर बसेन म्हणाली, पण माईला खाली बसता येत नाही. शेवटी खुर्ची आणली, माईच्या मांडीवर ही, आणि बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या दोघींच्या डोक्यावर ओतल्या. गल्लीतल्या पोरांनी खुर्चीखाली शिरून लुटलं. माईच्या अंबाड्यात अडकलेलं बोर चिऊने काढलं आणि खाऊन टाकलं. मावशीने या वेळी पापी मागितली नाही. पदरात बोरं घेऊन नुसती जवळ बसली, तर चिऊने तिच्या पदरातलंही एक उचललं.

मंगळवार, पहाटे ३

चिऊ काल रात्री नऊला झोपली, परवाही. घड्याळ लागलं म्हणायचं. मला हायसं वाटलं, माझीही झोप होईल.

पण अडीचला पाणी आलं. मोटर, नळी, पिंप, सगळं झालं. माई दारात उभी होती, हातात छोटा तांब्या. आमच्या खोलीकडे बघून हाक मारत होती, तिच्या मते हळू, म्हणजे चार घरांना ऐकू जाईल अशी. "ऊठ की गं. वासर आलं."

चिऊ कुशीवर वळली आणि तशीच झोपली.