उणे तीनदा कसं गुणायचं?

आठवीतल्या भाचीने परवा वही पुढे केली. २ चा −३ वा घात काढायचा होता, उत्तर लिहिलं होतं −८. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात एक प्रश्न: "मावशी, २ तीनदा घेऊन गुणता येतो. उणे तीनदा कसा घ्यायचा?"

उत्तर चुकलं होतं, पण प्रश्न अगदी नेमका होता. मला शाळेत "घातांक ऋण असेल तर संख्या छेदात न्या" एवढंच सांगितलं गेलं. ते पाठ केलं, गुणही मिळाले. का न्यायची, हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली.

म्हणून तिला नियम सांगितलाच नाही. १६ लिहायला लावले, त्याखाली ८, मग ४, मग २. शेजारी घातांक: ४, ३, २, १.

"एक पायरी उतरलं की काय होतं?"

"निम्मं."

मग घातांक १ पाशी थांबायचं कशाला? २ चं निम्मं १, घातांक ०. त्याचं निम्मं १/२, घातांक −१. पुढे १/४. पेन्सिल १/८ पाशी पोचली तेव्हा तिने स्वतःच वरचं −८ खोडलं.

ते उणे चिन्ह दिशा सांगतं, गुणत वर जायचं की भागत खाली. पाया, म्हणजे जिचा घात काढायचा ती संख्या, धन असेल तर कितीही उतरा, शून्य लागत नाही, मग त्याखालची ऋण संख्या कुठून लागणार? (−२) चा −३ वा घात −१/८ येतो खरा, पण तिथलं उणे पायाकडून आलेलं असतं. पाया शून्य असेल तर मात्र उतरताच येत नाही, शून्याने भागावं लागेल.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो दुसरा रस्ता. पाया तोच असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते, हे तिला येत होतंच. ३ आणि −३ यांची बेरीज ०, म्हणजे २ चे हे दोन घात गुणले की १ यायलाच हवा. ८ ला कशाने गुणलं की १ येतो? १/८ ने. दुसरं उत्तर शक्यच नाही! न्यूटनने १६७६ साली गणितज्ञ लायब्निट्झसाठी धाडलेल्या पत्रात १/अ हे अ चा −१ वा घात असं लिहिलं, ते याच हिशेबाने चालतं.

पुढच्या गणितात ती पुन्हा अडली. ३ गुणिले क्ष चा −२ वा घात, आणि तिने ३ सुद्धा छेदात नेला.

"घातांक कोणाच्या डोक्यावर आहे?" मी विचारलं.

"क्षच्या."

तिने ३ परत वर आणला.