बर्फ, गाणी आणि परत फोंडा

पनवेलहून मांडवी एक्सप्रेस पकडलीय, पोरं झोपलीत म्हणून आत्ताच लिहून टाकते. गेल्या आठवड्यात गुलमर्गला होतो, 2650 मीटरवर, आणि फोंड्याचा उकाडा अंगात मुरलेल्या आम्हाला ती थंडी म्हणजे काय सांगू! स्कीइंग शिकवणारे काका एकच गोष्ट सारखी सांगत होते, गुडघे वाकवा, स्कीची पुढची टोकं जवळ घ्या, टाचा बाहेर ढकला म्हणजे वेग आपोआप कमी होतो. धाकटीला तिसऱ्याच दिवशी ते जमलं, ती खालपर्यंत एकटी आली आणि माझी आई, जिने आयुष्यात कधी बर्फ पाहिला नव्हता, तिचे डोळेच भरून आले.

आणि काल, 19 जानेवारी 2025, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम! सगळ्यांच्या मनगटावरचे दिव्यांचे पट्टे गाण्याच्या तालावर रंग बदलत होते, अख्खं स्टेडियम एकदम पिवळं झालं तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला. बाहेर पडताना ते पट्टे परत द्यायचे असतात, पुन्हा वापरायला, मला हे फार आवडलं. धाकटीला मात्र देववेना, गेटवर दोन मिनिटं तशीच उभी राहिली आणि मग स्वतःच काढून दिला.

रत्नागिरी आलं वाटतं, आईला चहा हवाय.