पाचट, धिंगरी आणि लॅकेस: एमएस्सी प्रोजेक्टचा माझा अनुभव

उसाच्या टाकाऊ भागावर बुरशी वाढवून तिच्याकडून लॅकेस नावाचं एन्झाइम मिळवायचं आणि ते कापडाचे रंग घालवतं का ते बघायचं, असा प्रोजेक्ट ठरला तेव्हा कच्चा माल म्हणून कागदावर 'उसाचं चिपाड' लिहिलं होतं. कोल्हापुरात चिपाडाला काय तोटा, असं वाटून मी गुऱ्हाळावर गेले. तिथले काका म्हणाले, "चिपाड तुला देऊन आम्ही चुलवाणात काय घालू?" साखर कारखान्यांतही बगॅसवर, म्हणजे याच चिपाडावर, बॉयलर चालतात, वीज तयार होते. त्याला टाकाऊ म्हणणं शोधनिबंधांतच शोभतं. खरं टाकाऊ ते पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. ऊस तुटला की पुष्कळ जण त्याला काडी लावून मोकळे होतात. पाचटाचं पोतं मला फुकट मिळालं, वर "अजून न्या की" असा आग्रहही झाला.

बुरशी घेतली धिंगरी, म्हणजे प्लुरोटस ऑस्ट्रिएटस. लाकूड कुजवणाऱ्या बुरशांपैकी तपकिरी कूज करणाऱ्या सेल्युलोजवर ताव मारतात आणि लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा चिवट पदार्थ, बरंचसं मागे ठेवतात. धिंगरी पांढरी कूज करणाऱ्यांतली, ती लिग्निनही फोडते. त्यासाठी पेशीबाहेर जे एन्झाइम सोडते त्यातलं लॅकेस मला हवं होतं, कारण त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड लागत नाही, हवेतला ऑक्सिजन पुरतो.

पाचट बोटाच्या पेराएवढं कापून रात्रभर भिजवायचं, निथळायचं आणि फ्लास्कमध्ये भरून 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह करायचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायचं. ओलावा 65 ते 70 टक्के हवा. लॅबमधले मामा मूठ दाबून बघायचे: एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर परत निथळा. मॉइश्चर बॅलन्सवर आकडा काढायचे मी, पण विश्वास मामांच्या मुठीवर जास्त होता. पाणी जास्त झालं की तळाला हवा पोचत नाही आणि बुरशीचे धागे वरच अडकतात.

पावसाळ्यात काही फ्लास्क हिरवे पडले. ट्रायकोडर्मा. गंमत म्हणजे हीच बुरशी पाचट कुजवायला शेतकरी विकत आणून शेतात टाकतात. माझ्या फ्लास्कमध्ये मात्र ती सेल्युलोज फस्त करणार आणि लिग्निनला फारसं हात लावणार नाही. ते फ्लास्क ऑटोक्लेव्ह करून टाकून दिले. त्यानंतर कापसाचे बोळे घट्ट बसवले आणि पाचटात मिसळायचा गव्हाचा कोंडा कमी केला. कोंड्याने धिंगरी जोमाने वाढते, पण तिच्याआधी हिरवी बुरशीही.

पांढराशुभ्र भरलेला फ्लास्क पाहून भरपूर एन्झाइम असेल असं वाटतं. तसं नसतं. पाचट व्यापून होत असताना लॅकेस चढत जातं आणि अळिंबी धरायला लागली की उतरतं. मला तर अळिंबी नकोच होती. टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले की तो फ्लास्क उशिराचा समजायचा. धागे रुजल्यावर अगदी थोडं मोरचूद (कॉपर सल्फेट) दिल्याने आकडे वाढले. लॅकेसच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात, आणि तांबं मिळालं की बुरशी हे एन्झाइम जास्त बनवते. फार दिलं तर बुरशीच मरते. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, फवारणाऱ्याला हे सांगायला नको.

सगळ्यात जास्त वेळ मोजण्यात गेला. बफर घालून, हलवून, मलमलीतून गाळून, थंड सेंट्रिफ्यूज करून जो अर्क मिळतो तो कोऱ्या चहासारखा तपकिरी. ग्वायकॉल हे रसायन घातल्यावर लॅकेस जो रंग देतं तोही लालसर तपकिरीच. रंग किती गडद ते 470 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं, मग मी नेमकं काय मोजतेय? म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर त्याच अर्काचा ब्लँक (ग्वायकॉल न घातलेली नळी) आणि उकळून एन्झाइम निकामी केलेला अर्क ठेवायचा, आणि एकदाच आकडा न घेता दर मिनिटाला किती वाढतो ते बघायचं. काही निवडक नमुने एबीटीएस या दुसऱ्या रसायनावर, 420 नॅनोमीटरला तपासले. त्याचा निळा-हिरवा रंग तपकिरीत लपत नाही. पण ते रसायन महाग, बाटलीकडे बघतानाही हिशोब व्हायचा.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी तेच विचारलं, "कशावरून लॅकेसच? पेरॉक्सिडेज कशावरून नाही?" पेरॉक्सिडेज म्हणजे तसाच रंग देणारं, पण पेरॉक्साइड लागणारं एन्झाइम. सोडियम अझाइडने क्रिया थांबते, एवढं उत्तर पुरेसं नव्हतं, कारण अझाइड पेरॉक्सिडेजलाही थांबवतं. उपयोगी पडली ती पेरॉक्साइड फोडणारं कॅटलेज घातलेली नळी: असेल नसेल तेवढं पेरॉक्साइड संपवलं, तरी रंग तितक्याच वेगाने येत होता. मॅडमनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

पुढच्या पानावर रंग घालवायचे प्रयोग होते. शुद्ध पाण्यात विरघळवलेला रेमॅझोल ब्रिलियंट ब्लू हा कापडाचा निळा रंग अर्काने छान फिका झाला. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसचं, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं, सांडपाणी मात्र जवळजवळ तसंच राहिलं. ते अल्कधर्मी, आणि माझं लॅकेस आम्लात खूश. ॲसिडने पीएच 5 वर आणल्यावर रंग थोडा उतरला, पण मिठाचं काय करणार? कापड रंगवताना मीठ भरपूर लागतं आणि क्लोराइड लॅकेसला दाबतं. सर म्हणाले, "हाच सांडपाण्याचा आलेख पहिला ठेव." शुद्ध पाण्यातल्या रंगाचा सुंदर आलेख मग परिशिष्टात गेला.