गोलीचं हेल्मेट

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज बॅचच्या ग्रुपवर आला आणि बघता बघता सगळे विषय वाटून झाले. गॅदरिंग, सहल, बाईंची छडी, मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरं, सगळं बुक. हॉकी कुणीच घेतली नव्हती. खडकीतल्या शाळेची स्मरणिका आणि त्यात हॉकी नाही? अरे ज्या गावानं 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकला बाबू निमल दिला आणि आम्ही दहावी झाल्याच्या पुढच्याच वर्षी धनराज पिल्ले इंडियाकडून खेळायला लागला, त्या गावातली शाळा आहे आपली. म्हणून हॉकी मी घेतली.

माझी बॅच 1988 ची. मी लेफ्ट आऊट खेळायचो, बरा खेळायचो, फार नाही. टीममध्ये निम्मी पोरं अम्युनिशन फॅक्टरीच्या क्वार्टर्समधली, घरी कुणी तमिळ बोलायचं कुणी तेलुगू, ग्राउंडवर मात्र सगळ्यांच्या शिव्या मराठीत. मुरमाचं ग्राउंड, पडलं की गुडघ्याची सालटी निघणार हे ठरलेलं. स्टिक मोडली की फेव्हिकॉल, वरून सुतळी, वरून टेप, आणि अशी एक स्टिक दोन-दोन सीझन चालायची. गोलीला, म्हणजे गोलकीपरला, वेताचे जुने पॅड आणि किकर्स होते, पण तोंडावर काही नाही. आजूबाजूच्या टीमचे गोली पण तसेच उभे राहायचे त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

नववीत असताना एका प्रॅक्टिस मॅचमध्ये शॉर्ट कॉर्नरला (फाउल झाला की गोलवर जोरात शॉट मारायची जी संधी मिळते ती) आमच्या गोलीच्या डोळ्याखाली बॉल बसला. त्यानं नाव लिहू नको म्हणून बजावलंय, म्हणून गोलीच म्हणतो. तो पडला आणि उठला नाही. पीटीच्या सरांनी त्याला मांडीवर घेऊन रिक्षानं ससूनला नेलं, आम्ही चार-पाच जण सायकली हाणत मागे, वाटेत दम लागला तरी थांबलो नाही. गालाचं हाड मोडलं होतं, कवटीला क्रॅक, आणि शुद्ध यायला बरेच दिवस लागले. एका डोळ्याची नजर गेली ती गेलीच.

त्यानंतर खडकीनं जे केलं ते अजून आठवतं. त्याचे वडील फॅक्टरीत साधे कामगार, घरात पाच तोंडं. पगाराच्या दिवशी गेटवर दोघं जण टॉवेल धरून उभे राहिले आणि सुटणाऱ्या शिफ्टनं त्यात पैसे टाकले. किती टाकले कुणी विचारलं नाही, वही नव्हती की पावती नव्हती. ससूनला डबा कुणी न्यायचा याच्या पाळ्या सगळ्यांच्या आयांनी लावल्या, सोमवारी सांबार-भात, शुक्रवारी मस्जिदीजवळच्या एका खालांचा खिमा (तो मधल्यामधे आम्हीच खायचो, पेशंटला पेज चालू होती), रविवारी चर्चमधून केक. रक्त द्यायला टीममधल्या मोठ्या भावांची रांग. वर्गातल्या मुलींनी त्याच्या वह्या पूर्ण केल्या, सायन्सच्या आकृत्यांसकट, आणि त्याचं वर्ष वाया गेलं नाही. ज्याचा शॉट बसला होता तो समोरच्या टीमचा मुलगा, त्यानं शाळेत जायचंच सोडलं होतं. त्याला आमच्या गोलीची आई स्वतः घरी जाऊन घेऊन आली, हॉस्पिटलात कॉटशेजारी बसवलं आणि म्हणाली, हा पण माझाच पोरगा आहे, ह्याला जेवायला घाला आधी.

हे सगळं मी पुढे बरीच वर्षं विसरल्यासारखा होतो. इंजिनिअरिंग, पुणे सुटलं, मग मिनेसोटा. इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, आणि तिचं वेड खडकीला लाजवेल असं, हायस्कूलच्या पोरांच्या मॅचला मोठं स्टेडियम भरतं. माझा मुलगा पण खेळायला लागला. 30 डिसेंबर 2011 ला मिनियापोलिसजवळच्या सेंट लुईस पार्क गावातल्या बेनिल्ड-सेंट मार्गरेट्स शाळेचा जॅक जॅब्लॉन्स्की नावाचा 16 वर्षांचा पोरगा वायझेटाच्या शाळेविरुद्ध ज्युनियर टीमची मॅच खेळताना मागून बसलेल्या धडकेनं रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या ग्राउंडच्या, कडेच्या भिंतीवर आपटला. मान मोडली, मज्जारज्जूला जबर इजा. पुन्हा चालणार नाही असं डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितलं. आमच्या घरापासून गाडीनं फार लांब नाही ती शाळा, आणि त्या आठवड्यात ऑफिसात, दुकानात, रिंकवर दुसरा विषयच नव्हता.

मग जे सुरू झालं ते बघताना मला सारखा तो टॉवेल दिसत होता. त्याचा 13 नंबर सगळीकडे दिसायला लागला, दुसऱ्या शाळांची पोरंसुद्धा त्याच्यासाठी खेळतोय म्हणायची. स्पॅगेटीच्या पंगती उठायच्या, म्हणजे हॉलमध्ये टेबलं मांडून जेवण, तिकिटाचे पैसे त्या कुटुंबाला. आम्ही मराठी मंडळी पण गेलो, एका काकांनी सॉसमध्ये घालायला घरून लाल तिखट आणलं होतं. जॅकची आई केअरिंगब्रिज नावाच्या साइटवर रोजचं काय ते लिहायची, ही साइटही मिनेसोटातच सुरू झालेली, आणि लोक सकाळी पेपरच्या आधी ते वाचायचे. ज्याच्या धडकेनं हे झालं त्या मुलावर आमचा राग नाही असं घरच्यांनी सांगून टाकलं. हे ऐकलं तेव्हा मी बायकोला आमच्या गोलीच्या आईची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं आहे. जानेवारी अर्धा होईपर्यंत मिनेसोटाच्या हायस्कूल लीगनं चालू सीझनमध्ये नियम बदलला. मागून धडक, भिंतीवर आदळवणं, डोक्याला मार, या तिन्हीला सरळ पाच मिनिटांची मेजर पेनल्टी, रेफरीनं दोन मिनिटांवर भागवायची सोय बंद. दोन मिनिटांच्या पेनल्टीत समोरच्यानं गोल मारला की शिक्षा संपते, पाच मिनिटांत कितीही गोल झाले तरी पोरगा बाहेरच आणि टीम एक माणूस कमी. कोचला झोंबतं ते हे. नियम मधेच बदलला म्हणून कुरकुर झाली, खेळ बुळा होईल म्हणणारे बाप आमच्या रिंकवर पण होते, पण नियम राहिला. त्याच सीझनपासून यूएसए हॉकी या तिथल्या संघटनेनं लहान मुलांच्या पीवी गटात अंगावर धडक मारणं बंद केलंच होतं, माझ्या मुलाचा गट तोच, त्यामुळे आमच्या घरी या सगळ्याला टाळ्या.

मार्चमध्ये जॅकच्या शाळेनं, बेनिल्डनं, हिल-मरेला 5-1 हरवून स्टेट चॅम्पियनशिप जिंकली, पाचही गोल ग्रँट बेसी नावाच्या एकाच पोरानं मारले, त्यातले तीन टीम एक माणूस कमी असताना. सिनेमात दाखवलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. जॅक पुढे कॅलिफोर्नियात यूएससी युनिव्हर्सिटीत शिकला, एलए किंग्ज या आइस हॉकी टीमच्या ऑफिसात नोकरीला लागला आणि त्याच्या नावाची फाउंडेशन मज्जारज्जूच्या संशोधनाला पैसे उभे करते.

नियमाची बातमी वाचली त्या रात्री मला आमचे पीटीचे सर आठवले. गोली ससूनमध्ये होता तेव्हा सगळे डबे आणि पैसे बघत होते, सर मात्र रोज संध्याकाळी फॅक्टरीच्या वर्कशॉपमधल्या एका पालकाच्या घरी जाऊन बसायचे. त्या काकांनी स्कूटरच्या जुन्या हेल्मेटला पुढून लोखंडी सळयांची जाळी वेल्ड करून दिली. हातात घेतलं की वजनदार, आत घामाचा वास, आणि सरांनी सांगितलं की हे घातल्याशिवाय आपला गोली शॉर्ट कॉर्नरला उभा राहणार नाही, पंच ऐको न ऐको. एका मॅचला पंचांनी हे काय डबडं म्हणून आक्षेप घेतला तर सर टीम घेऊन बाजूला बसले, वॉकओव्हर देईन म्हणाले. मिनेसोटानं कमिटी बसवून जे केलं ते सरांनी वेल्डिंगच्या दोन रॉडवर केलं, आणि त्यांचा सत्कार कुणी केला नाही. सर आता नाहीत. आमचा गोली फॅक्टरीतूनच रिटायर होतोय, एका डोळ्यानं अजून मॅच बघतो आणि दोन डोळेवाल्या पंचांच्या चुका काढतो.

मागच्या डिसेंबरला पुण्याला आलो तेव्हा शाळेत डोकावलो. पोरी पण खेळतात आता, हे फार आवडलं. पण गोलीच्या हेल्मेटचा पट्टा तुटलेला आणि गळ्याचा गार्ड नाहीच. तर मुख्याध्यापकबाईंना विनंती, मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही गोलींच्या डोक्याचं माप सेंटीमीटरमध्ये ग्रुपवर टाका, कपाळावरून टेप फिरवून घ्यायचं. हेल्मेट, गळ्याचा आणि छातीचा गार्ड आमच्या बॅचकडून. पैसे जमलेत, खरेदी गोलीच करणार आहे, जालंधरच्या दुकानदाराशी तो भाव करतोय, आणि 1987 पासून त्याचा कुणाच्याच फिटिंगवर विश्वास नाही त्यामुळे घालून बघायला तो स्वतः ग्राउंडवर येईल.