तिसऱ्या पाइपातला गॅस

वीज होईल की नाही, एवढंच मला सांगायचं होतं. सिंधुदुर्गातलं किनाऱ्यावरचं छोटं शहर, वर जांभ्याच्या सड्यावर डंपिंग आणि सल्लागार कंपनीचा गुळगुळीत कागदावरचा अहवाल: ढिगातल्या गॅसवर इंजिन चालवा, वीज विका. सगळे आकडे सूत्रात वजन घालून काढलेले. ढिगावर कुणी चढल्याची एकही खूण त्यात नव्हती.

असल्या प्रकल्पाला अमेरिकेची पर्यावरण संस्था ढोबळमानाने दहा लाख टन कचरा धरते. मुंबईतल्या गोराईच्या डंपिंगचं उदाहरण सगळेच देतात, पण तो डोंगर 20 मीटरच्या वर होता आणि रीतसर झाकला होता. इथे जेमतेम दोन पुरुष उंची, निम्मी माती, उरलेल्या पिशव्या. त्यावर वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस. ओलं आहे ते भराभर कुजतं आणि काळं पाणी भेगांतून खालच्या विहिरींकडे जातं.

पाइप आदल्या दिवशीच बसवून घेतले होते. खालच्या टोकाला भोकं पाडलेला पीव्हीसी, भोवती खडी, वर बेंटोनाइट, म्हणजे पाण्यात फुगणारी माती, कालवून घट्ट बूच. बूच ढिलं राहिलं की मीटर वरचीच हवा ओढतो. म्हणून मी आधी ऑक्सिजन बघतो, मग मिथेन, म्हणजे जळणारा गॅस. कित्येक अहवालांत ऑक्सिजनचा रकानाच नसतो. तसा अहवाल मी पुढे वाचत नाही.

पहिल्या दोन पाइपांत ऑक्सिजन 9 टक्के, मिथेन 12. ढीग श्वास घेत होता, आणि हवा शिरली की मिथेन बनत नाही, म्हणजे गॅसच्या नावाने शंख.

तिसऱ्याकडे वळलो तसे मुकादम म्हणाले, "थंय जरा सांभाळून, सायबानू. थंय बांगडे पुरलेले आसत."

मिथेन 54. ऑक्सिजन शून्याला टेकलेला. खिशातला हायड्रोजन सल्फाइडचा मीटर कोकलायला लागला आणि मी सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला पिटाळलं. या वायूचा वास प्रमाण वाढलं की येईनासा होतो, नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून पुढे सरकणारा माणूस जातो.

मासळी भरमसाट आलेली, बर्फाचा कारखाना बंद. रातोरात डंपर रिकामे केले आणि गावात वास जाऊ नये म्हणून वर लाल माती टाकून रोलर फिरवला. अख्ख्या डंपिंगवर शास्त्राला धरून झालेलं काम तेवढंच, तेही लपवायला केलेलं.

नगरपालिकेच्या साहेबांनी 54 च्या आकड्याचा फोटो काढला. "बघा, आहे की गॅस!" पाचही पाइपांची सरासरी घ्या, असंही सुचवलं. सरासरीने इंजिन फिरत नाही, हे मी बोललो ते वाऱ्यावरच गेलं. एका कोपऱ्यातले बांगडे किती दिवस जळणार?

मी पाचही आकडे ऑक्सिजनसकट लिहिले. जुना ढीग खणून चाळा. मासळीबाजाराचा कचरा ताजा असतानाच भाजीपाल्यात मिसळून बायोगॅसला न्या. नुसती मासळी घातली तर अमोनियाने टाकीतले जिवाणू मरतात. तिसऱ्या पाइपाजवळ बिडी नको, तोवर गॅसला वाट द्यायला साधी चिमणी तरी बसवा, हेही लिहिलं.

चिमणीला अनुदान कुठल्या शीर्षाखाली मिळतं, असं विचारणारं पत्र आलंय.