प्लगइन एकटं असताना नीट, जोडीने बिघडतं: माझा अनुभव

कोड लिहायच्या एडिटरमध्ये एंटर दाबला की सुचवलेल्या शब्दांची यादी मिटते, पण निवडलेला शब्द उमटत नाही; उलट कंसांच्या मध्ये एक रिकामी ओळ येऊन बसते. शब्द पूर्ण करणारं प्लगइन (एडिटरला जोडायचा छोटा प्रोग्राम) आणि कंस जुळवणारं प्लगइन वेगवेगळी वापरून बघा, दोन्ही अगदी शहाण्यासारखी वागतात. विम आणि निओव्हिम या एडिटरांमध्ये ही तक्रार इतकी नेहमीची आहे की मी वापरतो ती रीत याच उदाहरणावर सांगतो.

आधी एडिटर '--क्लीन' लावून कोरा उघडायचा, म्हणजे आपलं कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल) आणि आपण घातलेली प्लगइन्स यांतलं काहीच लोड होत नाही. बिघाड तिथेही दिसला तर प्लगइन्सच्या मागे लागण्यात अर्थ नाही. उदाहरणार्थ, कंट्रोल-एस दाबल्यावर सगळं गोठलं तर तो बहुधा टर्मिनलचा फ्लो कंट्रोल (पडद्यावर येणारा मजकूर थांबवायची सोय) असतो, कंट्रोल-क्यूने सुटतो.

कोऱ्या एडिटरमध्ये सगळं ठीक असेल, तरी मी लगेच प्लगइन्स बंद करत सुटत नाही. ही की सध्या कुणाच्या ताब्यात आहे ते एडिटरलाच विचारतो. ':व्हर्बोज आयमॅप' आणि पुढे एंटर कीचं नाव दिलं की इन्सर्ट मोडमधली (मजकूर टाइप करायच्या अवस्थेतली) मॅपिंग्ज, म्हणजे कीवर काय काम बसवलंय ते, दिसतात, आणि प्रत्येकाखाली ते शेवटचं कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत ठरलं तेही. निओव्हिममध्ये लुआ भाषेतून केलेल्या मॅपिंगखाली मात्र नुसतं 'लुआ' एवढंच येतं. नेमकी फाइल हवी तर एडिटर '-व्ही१' (मोठं व्ही) देऊन सुरू करावा लागतो.

आपल्या उदाहरणात इथे दोन नोंदी येतात. एक ग्लोबल, म्हणजे सगळीकडे लागू, पूर्ण करणाऱ्या प्लगइनची. दुसरीत @ असं चिन्ह, म्हणजे ते मॅपिंग फक्त त्या बफरपुरतं (त्या उघड्या फाइलपुरतं), ते कंसवाल्याचं. बफरपुरतं मॅपिंग ग्लोबलला नेहमी मागे टाकतं, आधी कोण लोड झालं याला महत्त्व नाही. त्यामुळे कॉन्फिगमध्ये प्लगइन्सचा क्रम उलटसुलट करून इथे काही साधत नाही, आणि बहुतेक जण नेमकं तेच करत बसतात.

उपाय म्हणजे एंटरचा मालक एकच ठेवायचा. कंसवाल्या प्लगइनच्या मदत पानावर त्याचं एंटरचं मॅपिंग बंद करायचा पर्याय सहसा असतो, तो वापरायचा. पूर्ण करणाऱ्याचंही काढायचं. मग स्वतःचं एक एक्स्प्रेशन मॅपिंग (दर वेळी अट तपासून काय करायचं ते ठरवणारं) लिहायचं: यादी उघडी आहे का ते सांगणारं 'पमव्हिजिबल' फंक्शन खरं म्हणालं तर निवड पक्की करणारं कंट्रोल-वाय पाठव, नाहीतर कंसवाल्याचं फंक्शन बोलाव. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. 'पमव्हिजिबल'ला फक्त एडिटरची अंगची यादी दिसते; जे प्लगइन तरंगत्या खिडकीत स्वतःची यादी काढतं, त्याच्यासाठी त्याचंच 'यादी उघडी आहे का' हे फंक्शन विचारावं लागतं. दुसरं, 'कम्प्लीटऑप्ट' या सेटिंगमध्ये 'नोसिलेक्ट' असेल तर यादी उघडी असूनही काहीच निवडलेलं नसतं. कंट्रोल-वाय नुसती यादी मिटवतं आणि नव्या ओळीसाठी एंटर पुन्हा दाबावा लागतो. 'कम्प्लीट_इन्फो' या फंक्शनमधला 'सिलेक्टेड' हा आकडा उणे १ आहे का ते तपासलं की हे मिटतं. तिसरं, जुन्या विममध्ये '<प्लग>'ने सुरू होणारं नाव 'आयनोरमॅप'ने (दुसऱ्या मॅपिंग्जकडे न बघणाऱ्या कमांडने) बोलावलं तर काम होण्याऐवजी तीच अक्षरं मजकुरात उमटतात. तिथे 'आयमॅप'च हवं.

टॅबच्या भांडणातही हीच रीत चालते, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची: टर्मिनलमध्ये टॅब आणि कंट्रोल-आय यांचा कोड परंपरेने एकच आहे. कुठल्याशा प्लगइनने नॉर्मल मोडमध्ये (कमांड द्यायच्या अवस्थेत) टॅबवर काही बसवलं की कंट्रोल-आयने जंप यादीत (आधी भेट दिलेल्या जागांच्या यादीत) पुढे जाणं बंद पडतं, आणि त्याच्या कोडमध्ये कंट्रोल-आयचा शोध घेतला तर काहीच हाती लागत नाही. की काम करते पण सेकंदभर अडून, असं असेल तर कुणीतरी त्याच कीने सुरू होणारं लांब मॅपिंग केलेलं असतं. 'टाइमआउटलेन' मूळचा १००० मिलिसेकंद असतो, तेवढी वाट एडिटर बघतो.

मॅपिंग विचारूनही पत्ता लागत नाही तेव्हाच अर्ध्या-अर्ध्या प्लगइन्स बंद करण्याकडे वळायचं. नेहमीच्या अर्ध्या-अर्ध्याच्या पद्धतीत गुन्हेगार एकच असतो असं गृहीत धरलेलं असतं. इथे जोडी असते. ३२ प्लगइन्सचे १६-१६ गट केले आणि जोडी फुटून एकेक दोन्हीकडे गेलं, तर दोन्ही गट निर्दोष ठरतात. म्हणून मी गट पाडत नाही, यादीचा पहिला तुकडा लांब-आखूड करतो. लोड होण्याच्या क्रमाने पहिली १६ चालू, बाकी बंद. बिघाड नाही? मग पहिली २४. दिसला? २०. असं ५ वेळा करून कमीत कमी किती प्लगइन्सवर बिघाड उगवतो ते कळतं, आणि त्या तुकड्यातलं शेवटचं प्लगइन जोडीतलं एक असतं. ते त्याच्याच जागी चालू ठेवून त्याच्या आधीच्या प्लगइन्सवर तोच खेळ पुन्हा खेळायचा, की जोडीदार सापडतो. जागा बदलायची नाही, कारण काही प्लगइन्स आधीचं मॅपिंग वाचून त्याच्याभोवती आपलं गुंडाळतात. क्रम बदलला की बिघाडच बदलतो.

या काळात लेझी लोडिंग बंद ठेवा. नाहीतर एखादं प्लगइन पहिल्यांदा इन्सर्ट मोडमध्ये गेल्यावरच जागं होतं आणि तपासणीचं उत्तर दर वेळी वेगळं येतं. निओव्हिम ०.९ पासून 'एनव्हिम_अ‍ॅपनेम' या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलने वेगळं कॉन्फिग फोल्डर देता येतं. प्रयोग तिथे करावेत, रोजच्या कॉन्फिगची चिरफाड कशाला.

सेव्ह करताना होणारी भांडणं वेगळ्या जातीची. तिथे की नसते, ऑटोकमांड (ठरावीक घटनेला आपोआप चालणाऱ्या कमांड) असतात. ':व्हर्बोज ऑटोकमांड बफराइटप्री' दिलं की सेव्हच्या आधी कोण कोण हात घालतं ते दिसतं; ज्या क्रमाने नेमले त्याच क्रमाने ते चालतात. सेव्ह झाल्या झाल्या फाइल पुन्हा 'बदललेली' दिसली तर कुणीतरी फॉरमॅटिंग असिंक्रोनस करतंय आणि त्याचं उत्तर फाइल लिहून झाल्यावर येतंय. एकच ऑटोकमांड दोनदा दिसली तर कॉन्फिग पुन्हा सोर्स (लोड) करताना 'ऑगग्रुप' (ऑटोकमांडचा गट) रिकामा केलेला नाही.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये अर्ध्या-अर्ध्याचं काम 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' आपोआप करतं, पण तेही शेवटी एकच नाव शोधायला निघतं. जोडीसाठी वरचीच रीत हाताने करावी लागते. कीसाठी 'टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग' चालू केलं की दाबलेली की कोणत्या कमांडला गेली ते आउटपुटमध्ये दिसतं. दोन फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारे) असतील तर त्या भाषेपुरता 'एडिटर.डिफॉल्टफॉरमॅटर' ठरवून टाका. प्रेटिअर (मांडणी करणारं) आणि ईएसलिंट (चुका दाखवणारं) एकमेकांनी केलेलं खोडत असतील तर 'ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटिअर' घालून ईएसलिंटचे मांडणीचे नियम बंद करा. ईमॅक्स या एडिटरमध्ये कोरी सुरुवात '-क्यू' (मोठं क्यू) आणि की कुणाची हे कंट्रोल-एच, मग के. तिथे मायनर मोडचा (जोडीला चालू केलेल्या सोयीचा) कीमॅप, म्हणजे कींची यादी, मेजर मोडच्या (फाइलच्या प्रकाराप्रमाणे लागणाऱ्या मुख्य मोडच्या) वर बसतो, म्हणून मेजर मोडमध्ये कितीही वेळा की बसवली तरी ती मायनर मोडकडेच जाते.